लेकरांना घेऊन पहिल्यांदाच तंबूत राहायला जायचंय, मदत हवी

गवतफूल (धागाकर्ती, म्हणजे ही चर्चा सुरू करणारी)

नमस्कार मंडळी. आमच्या घरात सध्या एकच विषय चालू आहे, तंबू. थोरली नऊ वर्षांची, धाकटा चार. नवरा लग्नाआधी पाठीवर सॅक टाकून भटकलेला. त्याचं म्हणणं, "त्यात काय, तंबू टाकायचा आणि झोपायचं." मी आजवर तंबूत पाऊलही ठेवलेलं नाही. बेत दोन रात्रींचा आहे. गाडी तंबूजवळ नेता येईल अशी जागा बघतोय.

शंका अशा: तंबू केवढा घ्यायचा? मुलं रात्री गारठली तर? धाकट्याला रात्री एकदा तरी शू लागतेच, तेव्हा अंधारात काय करायचं? आणि दिवसभर या दोघांना रमवायचं कसं? मी खेळांची यादी करायला बसले तर वहीची पानं भरत चालली आहेत आणि नवरा ती बघून हसतोय.

ज्यांनी पोरं घेऊन हा उद्योग केलाय त्यांनी सविस्तर लिहा. नुसतं "मजा करा" लिहिणाऱ्यांना आगाऊ धन्यवाद. :)

खुंटी

वाचतोय. आमच्याकडेही हेच चाललंय.

डोंगरकपार

गवतफूल, आधी ती वही मिटा. खेळांची यादी ही शेवटची गोष्ट. मुलांबरोबरचा कॅम्प दिवसा फसत नाही, रात्री फसतो. पोर गारठलं, ओलं झालं किंवा भीतीने टक्क जागं राहिलं की दुसऱ्या दिवशी कुठलाही खेळ काढा, किरकिरच होणार. म्हणून सगळी तयारी रात्रीची करा. दिवस आपोआप निभतो.

तंबू: पिशवीवर 'चार माणसांचा' असं लिहिलेलं असतं. म्हणजे चार माणसं खांद्याला खांदा लावून झोपतील आणि सामान बाहेर राहील. तुम्ही चौघं आहात, तर सहा जणांचा घ्या. शक्यतो दोन थरांचा बघा, आत हवा खेळेल असा तंबू आणि वरून वेगळं पावसाचं आवरण. झोपेत आपल्या श्वासातून बरीच वाफ बाहेर पडते. ती गार कापडाला लागली की पाणी होऊन ओघळते. "नवा कोरा तंबू गळतोय" अशी तक्रार बरेचजण करतात, तेव्हा अनेकदा हे त्यांचंच पाणी असतं. थंडी वाजते म्हणून वरचे झरोके बंद केले तर आणखी ओलं होतं. झरोके उघडेच ठेवा आणि ऊब अंथरुणातून मिळवा.

आता अंथरूण. इथे लोक हमखास उलटा खर्च करतात, भारी पांघरूण आणि खाली पातळ चादर. अंगाखाली दबलेल्या पांघरुणातली हवा निघून गेलेली असते, त्यामुळे खालच्या बाजूने ते काहीच ऊब देत नाही आणि जमीन रात्रभर अंगातली उष्णता ओढत राहते. खाली फोमची चटई किंवा आत अस्तर असलेली फुगवायची गादी हवी. गादीवर 'आर-व्हॅल्यू' नावाचा आकडा असतो. जितका जास्त तितकी जमिनीची गारठ कमी लागते. उबदार हवेत १ ते २ चालतो, रात्री चांगल्याच थंड असतील तर ४ च्या पुढे बघा. घरी पाहुण्यांसाठी काढतो ती नुसती हवेची जाड गादी दिसायला ऐसपैस, पण थंडीत कुचकामी, कारण आतली हवाच फिरून गार होत राहते.

स्लीपिंग बॅगवर तापमानाचे दोन-तीन आकडे असतात. 'कम्फर्ट' लिहिलेलाच वाचा. 'एक्स्ट्रीम' म्हणजे तेवढ्या थंडीत जीव कसाबसा वाचेल, झोप विसरा. आणि हे आकडे ज्या आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार काढतात (आयएसओ २३५३७) ते मुलांच्या बॅगांना लागूच नाही. तेव्हा लहान मुलांच्या बॅगेवर कितीही उणे आकडा छापलेला असो, त्यावर विसंबू नका, एक थर जादाच धरा.

चार वर्षांच्या मुलाला मोठ्यांची बॅग दिली तर पायाकडे उरलेली पोकळी तापवण्यातच त्याची ऊब संपते. बॅगेचा खालचा भाग दुमडून त्याच्याच खाली घाला, किंवा पोकळीत दुसऱ्या दिवशीचे कपडे कोंबा. सकाळी गरम कपडे मिळतात हा वरचा फायदा.

चष्मेबहाद्दर

डोंगरकपार यांच्याशी सहमत, फक्त 'सहा जणांचा घ्या' यावर जरा थांबा. मोठा तंबू उभारायला सपाट जागा मोठी लागते आणि वाऱ्यात तो जास्त फडफडतो. आमच्याकडे दोन छोटे तंबू आहेत, दारं समोरासमोर. एकात मी आणि लेक, दुसऱ्यात बायको आणि धाकटी. एकीचं रडणं सुरू झालं तरी दुसरी झोपून राहते. हे माझं वैयक्तिक मत.

आणखी एक. जायच्या आधीच्या शनिवारी तंबू घरातच लावा. दिवाणखान्यात, गच्चीत, अंगणात, जिथे मावेल तिथे. त्यात मुलांना झोपवा. चेनचा आवाज, कापडाची सळसळ, बॅगेत पाय अडकणं, हे सगळं घरीच सवयीचं होऊन जातं. वर खुंट्या मोजल्या जातात ते वेगळंच. (आयडी खुंटी, दिवे घ्या, म्हणजे थट्टा समजा.)

खुंटी

घेतले. :D

डोंगरकपार

चष्मेबहाद्दर, दोन तंबूंचा मुद्दा बरोबर आहे, पण चार वर्षांचं मूल पहिल्या रात्री आई आणि बाबा दोघांनाही हाताशी मागतं. पहिल्या खेपेला एकच. मुलं रुळली की करा वेगळे संसार.

घरच्या तालमीला मात्र जोरदार अनुमोदन. त्यात एक भर: तंबू उभा झाला की त्यावर पाईपने किंवा झारीने पाणी मारून बघा (अर्थात दिवाणखान्यात नको). शिवणीतून पाणी झिरपतंय का ते तिथेच कळतं.

पानगळ

मी पेशाने बालरोगतज्ज्ञ. तंबूतलं ज्ञान वरच्या लोकांना जास्त, मी माझ्यापुरतं लिहिते.

सगळ्यात आधी एक गोष्ट, जिच्यावर चर्चा नको: तंबूच्या आत काहीही पेटवायचं नाही. स्टोव्ह नाही, कोळशाची शेगडी नाही, 'विझत आलेले' निखारे उबेसाठी आत नेणंही नाही. राख दिसत असली तरी कोळसा कार्बन मोनॉक्साइड सोडत असतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेल्या माणसाला गुदमरल्याची जाणीवही होत नाही. पाऊस असो नाहीतर कडाक्याची थंडी, स्वयंपाक उघड्यावर किंवा चारी बाजूंनी मोकळ्या छताखालीच.

गारठ्याबद्दल: लहान मुलांचं अंग वजनाच्या मानाने पसरट असतं म्हणून ती आपल्यापेक्षा लवकर गार होतात, आणि खेळाच्या नादात सांगतही नाहीत. हात-पाय गार लागले तर घाबरू नका, मानेच्या मागे किंवा छातीवर हात लावून बघा. तिथे गार लागलं तर कपडे वाढवा. दिवसभर घातलेल्या मोज्यांवर झोपू देऊ नका. ते सुके वाटले तरी घामाने दमट असतात. झोपायचे मोजे आणि झोपायचे कपडे वेगळे, ते एका पिशवीत बांधून ठेवायचे आणि दिवसा त्या पिशवीला कोणीही हात लावायचा नाही. सुती कपडा ओला झाला की ऊब देत नाही. लोकर किंवा कृत्रिम धाग्याचे कपडे ओले असतानाही थोडी तरी ऊब धरतात.

शू: झोपण्याआधी एकदा सगळ्यांना नेऊन आणा. चार वर्षांच्या मुलासाठी झाकणाचा डबा किंवा घडीचं पॉटी-सीट तंबूच्या पडवीत ठेवा. अर्ध्या झोपेतल्या मुलाला अंधारातून स्वच्छतागृहापर्यंत चालवत नेलं की ते पूर्ण जागं होतं आणि मग पहाटेपर्यंत गप्पा मारतं. एक जादा चड्डी-पायजमा उशाशी. "रात्री त्रास नको" म्हणून संध्याकाळपासून पाणी तोडू नका. दिवसभर उन्हात खेळलेल्या मुलाला पाणी लागतंच.

डास-किडे: डीईईटी (डास पळवणारं रसायन) असलेली क्रीम दोन महिन्यांखालच्या बाळाला लावत नाहीत, आणि लेमन युकॅलिप्टसच्या तेलाची तीन वर्षांखालच्या मुलांना. मोठ्या मुलांनाही मोठ्या माणसाने आपल्या हातावर घेऊन लावायची. मुलांच्या पंजांना लावायची नाही, कारण हात तोंडात जातात. सनस्क्रीन आधी, डासांची क्रीम नंतर. पण खरं काम लांब बाह्या आणि तंबूची चेन करते. "आत-बाहेर करताना चेन लावायची" हा नियम पहिल्या तासातच पक्का करा.

गवताळ भागात गेलात तर रोज संध्याकाळी गोचीड बघा: काखेत, गुडघ्यामागे, कानामागे, केसांत. चिकटलेली दिसली तर टोकदार चिमट्याने कातडीला अगदी लागून धरा आणि सरळ वर ओढा. तेल ओतणं, काडी पेटवून चटका देणं, असलं काही करू नका.

प्रथमोपचाराची पिशवी: चिकटपट्ट्या, जंतुनाशक, चिमटा, थर्मामीटर, मुलांच्या वजनानुसार तापाचं औषध (मात्रा आधीच डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या, रात्री दोन वाजता हिशेब करायचा नाही), ओआरएसची पाकिटं, अॅलर्जीचं औषध, आणि रोजची औषधं एक दिवस जादा धरून. जवळचा दवाखाना कुठे आहे ते निघण्याआधी बघून कागदावर लिहा. तिथे नेटवर्क असेलच असं नाही.

गवतफूल

पानगळताई, डबा पडवीत ही गोष्ट मला सुचलीच नसती! नवऱ्याला वाचून दाखवलं. आता तो हसत नाहीये.

दोरखंड

मी बरीच वर्षं शाळेतल्या मुलांना शिबिरांना नेतो. रात्रीची बाजू वर उत्तम आलीये, म्हणून दिवसाबद्दल लिहितो. ताई, तुमच्या वहीला मीही विरोधच करणार आहे.

मुलांना कॅम्पवर खेळ नको असतात, काम हवं असतं. खरं काम. 'मदत केल्यासारखं करणं' त्यांना लगेच ओळखू येतं. स्काउट चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांनी १९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या ब्राउनसी बेटावर जे पहिलं प्रायोगिक शिबिर घेतलं त्यात वीसेक मुलं होती, आणि त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे मुलांच्या छोट्या तुकड्या पाडून प्रत्येकीला तिच्यातलाच एक मुलगा नायक नेमून दिला. मोठी माणसं बाजूला राहिली. स्काउटिंगचा पुढचा सगळा डोलारा त्या एका गोष्टीवर उभा आहे.

नऊ वर्षांची मुलगी तंबू लावू शकते. तिला दाखवा: खुंटी तिरकी ठोकायची, डोकं तंबूपासून लांब झुकलेलं, म्हणजे दोरीचा ताण तिला उपटत नाही, उलट जमिनीत रुतवतो. ताणाच्या दोरीला सरकती गाठ शिकवा. ती गाठ ओढली की जागेवर धरते आणि हाताने सरकवली की सैल होते. दव पडून दोरी सैलावली की ताणायला तिलाच पाठवा. माझ्या पाहण्यात असं आहे की ज्या मुलाने खुंट्या ठोकल्या ते मूल रात्री वाऱ्याच्या आवाजाला कमी घाबरतं. तंबू कशाने उभा आहे हे त्याला माहीत असतं.

चार वर्षांच्या मुलाचं काम: ताणाच्या दोऱ्यांना रंगीत चिंध्या बांधायच्या, म्हणजे कोणी अडखळून पडणार नाही. तंबूच्या दाराशी चपला ओळीने लावायच्या. आणि प्रत्येकाच्या बाटलीत पाणी आहे का ते बघून ओरडायचं. हे शेवटचं काम ती फार निष्ठेने करतात.

बाकी वेळ मोकळा सोडा. पहिला अर्धा तास "कंटाळा आला" ऐकावं लागेल. ऐका आणि काही करू नका. त्यानंतर त्यांना मुंग्यांची रांग सापडते किंवा दगड मिळतात आणि मग जेवायला बोलवायला तीनदा हाक मारावी लागते. एक भिंग आणि एक दोरी एवढं न्या. हवा बिघडली तर पत्त्यांचा जोड.

हरवण्याबद्दल. हा विषय मुलांशी घाबरवून नाही, पण बोलून ठेवायलाच हवा. १९८१ साली कॅलिफोर्नियात कुटुंबाबरोबर कॅम्पला आलेला नऊ वर्षांचा एक मुलगा हरवला आणि शोध लागेपर्यंत फार उशीर झाला होता. त्या शोधातल्या लोकांनी मुलांसाठी एक साधा धडा तयार केला, तो आज बऱ्याच देशांत शिकवतात: वाट चुकली असं वाटताक्षणी थांब, जवळच्या झाडाला मिठी मार आणि तिथून हलू नकोस. चालत राहिलेलं मूल शोधलेल्या जागेतही नंतर जाऊन पोचतं, म्हणून सापडत नाही. एका जागी बसलेलं सापडतं. प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी, हरवलास तर तीनदा वाजव, थांब, पुन्हा तीनदा. आणि हे स्पष्ट सांगा की आम्ही रागावणार नाही. रागावतील म्हणून मुलं हाकेला ओ देत नाहीत, लपून बसतात. शोधणारी माणसं अनोळखी असली तरी ओ द्यायची, हेही सांगा, कारण घरी आपण नेमकं याच्या उलट शिकवलेलं असतं.

पोचल्यावर पहिलं काम म्हणजे मुलांना घेऊन जागेची हद्द चालून या. "हे मोठं झाड, तो दगड, ती वाट, याच्या पलीकडे मोठ्या माणसाशिवाय नाही." पाणी जवळ असेल तर पाण्यापाशी जाताना कायम एक मोठा माणूस, आणि त्याच्या हातात फोन नको.

चष्मेबहाद्दर

दोरखंड सर, शिट्टीबद्दल एक प्रॅक्टिकल सूचना: "हरवल्याशिवाय वाजवली तर जप्त" असा नियम करा, नाहीतर शेजारचे तंबूवाले तुम्हाला हरवायला मदत करतील.

आणि शेकोटीबद्दल कोणीच कसं बोललं नाही? शेकोटीशिवाय कॅम्प म्हणजे काय?

डोंगरकपार

मुद्दामच बोललो नव्हतो. पहिल्या खेपेला, चार वर्षांचं मूल बरोबर असताना, शेकोटी नको असं माझं मत. एक मोठा माणूस पूर्ण वेळ तिथे अडकतो. कितीतरी ठिकाणी परवानगीच नसते. गॅसच्या छोट्या स्टोव्हवर स्वयंपाक लवकर होतो आणि काजळीही नाही.

चष्मेबहाद्दर

माझ्या मुलींना विचाराल तर त्यांना तंबू आठवत नाही, शेकोटी आठवते. परवानगी असेल, वारा नसेल, आधीच केलेली दगडांची जागा असेल तर का नको? आगीशी कसं वागायचं हे मुलांनी कधी शिकायचं मग?

पानगळ

दोघांचं वाचलं. करायची असेल तर छोटी करा. काठीने जमिनीवर गोल आखा, मुलं त्या गोलाबाहेर बसलेली, आगीभोवती पळापळी बंद.

पण मला जास्त काळजी दुसऱ्या दिवशी सकाळची वाटते. निखाऱ्यांवर वाळू किंवा माती लोटून "विझली" म्हणून लोक झोपायला जातात. वाळूखाली निखारे तासन् तास धगधगत राहतात, वरून काही दिसत नाही, आणि सकाळी अनवाणी मूल थेट त्यावर पाय देतं. अशी भाजलेली पावलं मी पाहिलेली आहेत. पाण्यानेच विझवा: पाणी ओता, काठीने ढवळा, परत ओता, मग हाताची मागची बाजू जवळ नेऊन बघा. धग लागली तर अजून विझलेली नाही. आणि भाजलंच तर वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटं. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही.

डोंगरकपार

यावर काही म्हणणं नाही. चष्मेबहाद्दर, शेकोटी तुमची, बादली माझी.

निशाचर

आकाशवाल्यांचा प्रतिनिधी म्हणून आलोय. तारीख ठरवताना चंद्र बघा, आत्ताच, जागा बुक करायच्या आधी. अमावस्येच्या आसपास गेलात आणि गावातले दिवे लांब असतील तर आकाशगंगेचा पट्टा नुसत्या डोळ्यांनी दिसतो. डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि कोणी एकाने फोनची टॉर्च मारली की सगळ्यांचं सरावणं पुन्हा पहिल्यापासून. म्हणून टॉर्चवर लाल जिलेटीन लावा. लाल प्रकाशात डोळ्यांचा अंधाराचा सराव फारसा मोडत नाही. ऑगस्टच्या १२-१३ तारखेला ययाती तारकासमूहातला उल्कावर्षाव आणि डिसेंबरच्या १३-१४ ला मिथुनेतला, या रात्री साधल्या तर उत्तमच. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक साधारण नव्वद मिनिटांत पृथ्वीला एक फेरी मारतं. ते आपल्या डोक्यावरून कधी जाणार याच्या वेळा आधी मिळतात. "त्या ठिपक्यात माणसं राहतात" हे सांगितल्यावर नऊ वर्षांची मुलगी काय प्रश्न विचारते ते बघाच.

पानगळ

निशाचर, विरोध नोंदवते! पहिल्या वेळी चार वर्षांच्या मुलाला घेऊन अमावस्येला? चांदणं असलं की तंबूबाहेर सगळं दिसतं, भीती निम्मी होते.

निशाचर

मग मधला मार्ग. शुक्ल सप्तमी-अष्टमीला जा. चंद्र साधारण मध्यरात्री मावळतो. झोपायच्या वेळेपर्यंत धाकट्याला चांदणं, त्यानंतर थोरलीला उठवून तारे. मोठ्यांनी झोप सोडायची तयारी ठेवावी.

खुंटी

जागा कशी निवडायची यावर कोणी लिहा ना. आणि पावसाचं राहिलंच.

डोंगरकपार

खुंटी, जागा म्हणजे अर्धा कॅम्प. सूर्यास्ताच्या निदान दोन-तीन तास आधी पोचा. अंधारात भुकेल्या मुलांसमोर तंबू लावायची वेळ आणू नका. मुक्कामाला परवानगी आणि नियम आधी विचारून घ्या. पहिल्यांदा जाताय तर स्वच्छतागृह आणि पिण्याचं पाणी असलेली रीतसर जागाच घ्या. घरापासून इतकीच लांब की कंटाळून भर रात्री परत यावंसं वाटलं तर येता यावं.

तिथे गेल्यावर आधी वर बघा. वाळलेली फांदी डोक्यावर लटकत असेल तर सावली कितीही छान असो, तिथे नाही. मग खाली बघा. खोलगट जागेत पाणी साचतं, आणि पाऊस नसला तरी रात्रीची गार हवा उतरून तिथेच बसते. थोडं वर गेलं तर हवेत फरक कळतो. सुक्या ओढ्याच्या पात्रातली सपाट वाळू बघून मोह होतो, पण तिथे तंबू कधीही नाही. पाऊस वर डोंगरात पडतो आणि लोंढा खाली येतो, तुमच्या डोक्यावर आभाळ निरभ्र असताना सुद्धा. दार वाऱ्याच्या उलट्या बाजूला. जमिनीला किंचित उतार असेल तर डोकं वरच्या बाजूला.

पाऊस: तंबूखाली प्लास्टिक घालत असाल तर ते तंबूच्या तळापेक्षा जरा लहान हवं. कडा बाहेर आल्या तर वरून ओघळलेलं पाणी त्यावर जमून थेट तुमच्या खाली येतं. आत अंथरुणं भिंतीला टेकू देऊ नका. एक जादा ताडपत्री न्या आणि ती तंबूच्या आधी टांगा. तिच्याखाली बसून खाता येतं, खेळता येतं, ओले बूट ठेवता येतात. मुलांच्या कॅम्पमधली सगळ्यात उपयोगी वस्तू कोणती म्हणाल तर मी ताडपत्री म्हणेन, तंबू दुसरा.

विजा: तंबू विजेपासून अजिबात वाचवत नाही. लखलखाट आणि गडगडाट यांच्यात सेकंद मोजायचे, तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आलं की सगळे गाडीत, काचा वर. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच. मुलांना मोजायला लावा, भीतीची जागा हिशेब घेतो.

पाणी: पिणं, स्वयंपाक, हात-तोंड मिळून माणशी दिवसाला चार लिटर तरी धरा. झऱ्याचं वापरायचं झालं तर खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट, आणि २००० मीटरच्या वर असाल तर तीन. भांडी झऱ्यात धुवायची नाहीत. पाणी साठ मीटर लांब नेऊन तिथे. स्वच्छतागृह नसेल तर खड्डाही तेवढ्याच अंतरावर, पंधरा-वीस सेंटीमीटर खोल, नंतर बुजवायचा. मुलांना हा खड्डा खणायला प्रचंड आवडतं, का ते विचारू नका.

खाण्याचं मी थोडक्यात आटोपतो: पहिल्या रात्रीचं जेवण घरून तयार न्या, नुसतं गरम करायचं. नवे पदार्थ करून बघायची ही जागा नाही. मुलं ओळखीचं खातात. आणि खाण्याचा एक कणही तंबूत नको, टूथपेस्ट-साबण सुद्धा नको. वासाने उंदीर-मुंग्यांपासून मोठ्या जनावरांपर्यंत कोणीही येतं. सगळं डब्यात बंद करून गाडीत.

गवतफूल

बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी! वाचनखूण साठवली.

तर ठरलेलं असं: तंबू एकच, सहा जणांचा. येत्या शनिवारी गच्चीत तालीम, थोरलीने आत्तापासूनच "खुंट्या माझ्या" असं जाहीर केलंय. अष्टमीच्या आसपासची तारीख धरली आहे. शेकोटीचं तिथे गेल्यावर, वारा बघून. माझ्या वहीतलं एकच पान उरलं, त्यावर पानगळताईंची औषधांची यादी आहे.

आता नवा पेच. सासूबाई म्हणतात, "मी पण येते." वय सत्तर, गुडघे दुखतात, पण हौस दांडगी. नाही म्हणवत नाही. जमिनीवर झोपवू कसं?

दोरखंड

अवश्य न्या. अंधारात गोष्ट सांगायला आजीइतकं चांगलं माणूस नाही, आणि तुम्हा दोघांना संध्याकाळी जरा हात मोकळे मिळतील.

पानगळ

घडीची कॅम्प-कॉट घ्या, साधारण गुडघ्याएवढ्या उंचीची. बसून सरळ उठता येतं. आणि पाठ टेकायला हात असलेली खुर्ची. रात्री उठावं लागणार असेल तर त्यांची जागा दाराशी, आणि टॉर्च त्यांची स्वतःची.

डोंगरकपार

कॉटवरही खाली फोमची चटई घालाच. लोकांना वाटतं जमिनीपासून वर आहोत म्हणजे गारठा संपला, पण कॉटखालून गार हवा फिरते आणि पाठ रात्रभर थंड पडते. आणि विकत घेण्याआधी कॉट तंबूत मावते का ते गच्चीतल्या तालमीतच बघा. भिंती तिरक्या असतात, कडेला लावली की डोक्याशी कापड टेकतं आणि पांघरूण ओलं होतं. मधोमध लावावी लागेल. मग सहा जणांचा तंबू तुम्हा पाचांना जेमतेम पुरेल, हे आत्ताच सांगून ठेवतो.

चष्मेबहाद्दर

म्हणजे शेवटी दोन तंबू. मी काय म्हणत होतो?